झावळीची घसरगुंडी

परसात पोफळीची झावळी धपकन पडली की माझा हात आजही आपसूक पँटच्या बुडाशी जातो. मुंबईजवळ पाळण्यांची नवी बाग निघाली तेव्हा मी मुलांना मोठ्या तोऱ्यात सहल कबूल केली, आणि एसटीपासून तिकिटांपर्यंतचा खर्च कळल्यावर तेवढ्याच तोऱ्यात सगळ्यांना आमच्या रत्नागिरीच्या घरामागच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर नेलं. "घसरायला तिकीट कशाला?" म्हणत उतारावरच्या वाळक्या गवतावर झावळीचं रुंद बूड टाकलं. लेक फुरंगटून बसली. "बाबा, ही फसवणूक आहे!" तिला पटवायला मीच आधी घसरलो. अर्ध्या वाटेत झावळी एकटीच पुढे निघून गेली आणि मी जांभ्या दगडावरून घासत थेट खाली उभ्या बायकोच्या पायाशी पोचलो. "अहो, तिकीट पँटीचंच फाडलंत वाटतं!" ती म्हणाली. लेक हसून हसून लोळली आणि ओरडली, "बाबा, परत एकदा!" मी तस्साच पुन्हा चढलो. पुढे नातवंडांबरोबर ती बागही पाहिली. घसरगुंडी चकचकीत होती, पण तिच्यावरून कुणाचाही बाप फाटक्या पँटीत येऊन आपटत नव्हता. मग एवढे पैसे घेऊन दाखवतात तरी काय?