ताईच्या दिरांचा शोधनिबंध

अख्ख्या रत्नागिरीत माणसाच्या चेहऱ्याआधी त्याच्या पोटाची ओळख करून घेणारे एकच गृहस्थ आहेत आणि ते म्हणजे माझ्या ताईचे थोरले दीर. ते पोटाच्या विकारांचे डॉक्टर आहेत हे खरं; पण बाकीचे डॉक्टर दवाखाना बंद झाला की माणसांत येतात. हे येत नाहीत. ताईच्या लग्नात पंगतीत आग्रह करत फिरताना यांनी माझ्या काकांच्या पानात जिलबी वाढता वाढता विचारलं, "सकाळी पोट साफ होतं ना?" काकांनी ती जिलबी तशीच ठेवली. एकदा आम्ही सगळे आरे-वारेला गेलो. सगळे समुद्राकडे बघत होते आणि हे रस्त्याकडेला एका म्हातारीशेजारी बसून ती सुकी मासळी आठवड्यातून किती वेळा खाते, कालवण किती तिखट करते, ते वहीत उतरवून घेत होते. इतक्या आस्थेने तिच्या सुनेनेही कधी विचारलं नसावं. निघताना तिने त्यांना सुकट बांधून दिली.

असल्या वह्यांमधून त्यांचे शोधनिबंध तयार होत. एकेका निबंधाला कित्येक वर्षं. छापून आला की नातेवाइकांत पेढे आणि निबंधाची प्रत. पेढे संपत; प्रत आम्ही जपून ठेवत असू, म्हणजे कोणी उघडत नसे. जयगडच्या बंदरात नोकरी करणारा माझा दादा नुसतं शीर्षक एका दमात वाचायची पैज लावी आणि हरे. एकदा जेवता जेवता फोन बघून डॉक्टर ओरडले, "ब्राझीलच्या एका बाईंनी माझा निबंध संदर्भाला घेतलाय!"

"कोण ही बाई?" त्यांच्या पत्नीने आमटीचा डाव हातात धरूनच विचारलं.

"ते मलाही माहीत नाही," डॉक्टर आनंदाने म्हणाले, "पण किती चांगल्या असतील!"

मग दादा आजारी पडला. पोट दुखे, बारीक ताप येई, शर्ट अंगावर लोंबायला लागले. "डॉक्टरांना दाखवू या," मी म्हटलं.

"नको गो! ते माझ्या आतड्यांची वंशावळ मांडत बसतील," म्हणून तो परस्पर मुंबईला गेला. मीही सोबत गेले. तिथे दुर्बिणीने तपासणी झाली आणि आतड्याला सूज आणणारा एक जुनाट आजार आहे, असं निदान झालं. दुसऱ्या दिवसापासून जोरदार औषधं सुरू होणार होती. तेवढ्यात तिथल्या एक तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थोडं थांबू या. आतड्याचा क्षयसुद्धा अगदी असाच दिसतो. तो असेल तर हीच औषधं जिवावर बेततील. कोकणातल्या रुग्णांवरचा एक निबंध आहे. त्यात सांगितलंय तसे आतड्याच्या आणखी काही ठिकाणचे बारीक तुकडे घेऊन तपासते." त्यांनी संगणक आमच्याकडे वळवला. शीर्षकाखाली ताईच्या दिरांचं नाव होतं. दादा ते शीर्षक शब्दन् शब्द वाचत राहिला. या वेळी त्याला कसलीच घाई नव्हती.

क्षयच निघाला. योग्य औषधं मिळाली, दादा बरा झाला आणि पुन्हा बंदरात रुजू झाला.

आम्ही दोघं डॉक्टरांचे आभार मानायला गेलो. त्यांनी सगळं ऐकून आधी विचारलं, "तुकडे नेमके कुठून घेतले?" मग जरा घाबरून, "शेवटच्या पानावर छपाईची एक चूक राहिलीय. त्या डॉक्टरीणबाईंच्या लक्षात नाही ना आली?"

"डॉक्टर, तुमच्यामुळे माझा दादा वाचला," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले. "माझ्यामुळे नाही गो. मी नवीन होतो तेव्हा खाडीपलीकडची एक बाई आली होती. तिचं असंच होतं. मी भलतंच औषध सुरू केलं. चूक कळली तोवर उशीर झाला होता. तेव्हापासून मी एकेक गोष्ट लिहून ठेवायला लागलो."

"नाव काय त्यांचं?" दादाने विचारलं.

"निबंधात रुग्णाचं नाव देत नाहीत. नुसता क्रमांक असतो." त्यांनी कपाटातून प्रत काढली आणि रुग्णांची यादी आमच्यासमोर उघडली. "ही पहिली."

एका ओळीत मावलेली ती बाई. वय, लक्षणं आणि शेवटच्या रकान्यात 'मृत्यू'. दादाने त्या ओळीवर बोट ठेवलं आणि कितीतरी वेळ ते उचललं नाही.