बॅनरवरचा निकेश

दरवर्षी बारावीचा निकाल लागला की निकेश मारबते स्वतःच्याच तोंडावरचे डाग पुसायला बसे. आरशासमोर नव्हे, कंप्युटरसमोर. चंद्रपुरात विनोदभाऊंच्या फ्लेक्सच्या दुकानात तो डिझाईन करायचा, आणि शहरातल्या एका ॲनिमेशनच्या इन्स्टिट्यूटचं ॲडमिशनचं बॅनर याच दुकानात छापलं जाई. वर आग ओकणारा राक्षस, मधे उडती मोटार आणि खाली उजव्या कोपऱ्यात कोट घातलेला निकेश. बाजूला पिवळी अक्षरं : ‘मुंबईच्या स्टुडिओत निवड! पुढचा नंबर तुमचा!’ एरवी वर्षभर तो वाढदिवस, तेरवी आणि भागवत सप्ताह यांची बॅनरं करी. पुढाऱ्यांना गोरं करायचं आणि मेलेल्यांना हसरं करायचं, हे त्याचं ॲनिमेशन.

तो कोसमबोडीचा. नागभीडकडचं हे ढिवरांचं गाव, तलावावर आणि थोड्याशा धानावर जगणारं. तिथं जाळं ओढून झालं की मासळी पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, आणतात आणि तिचे वाटे पाडतात. वाटे दिसायला सारखे, पण सारखे नसतातच; एखाद्यात मोठा रोहू येतो, एखाद्यात नुसती बारीक मासळी. म्हणून एक माणूस वाट्यांकडे पाठ करून उभा राहतो. दुसरा एका वाट्यावर काठी टेकवून विचारतो, “हा कोणाचा?” पाठमोरा माणूस एक नाव घेतो. ज्याचं नाव, त्याचा वाटा. त्यावर कोणी भांडत नाही, कारण नाव घेणाऱ्यानं ना मासळी पाहिलेली असते, ना कोणाचं तोंड. गावात कोर्टकचेरीपेक्षा या पाठमोऱ्या माणसाला जास्त मान.

निकेशचा बाप लवकर गेला. माय प्रेमिला बाजारात मासळी विकायची. पोरगं बारावी झालं आणि ‘कंप्युटरवर कार्टून बनवायचं’ म्हणालं, तेव्हा गावानं एक वाटा जास्तीचा पाडायला सुरुवात केली. “हा कोणाचा?” “निकेशचा.” दीड वर्ष, जेव्हा जेव्हा जाळं पडलं तेव्हा तेव्हा, त्याचं नाव पाळीवर घेतलं गेलं. गावानं दिलेल्या मासळीवर तो इन्स्टिट्यूटमध्ये कोणतं बटण दाबल्यावर काय होतं ते शिकला. चेंडू उसळवला, अक्षरं गरगर फिरवली. हातात पेन्सिल धर असं त्याला तिथं कोणी म्हणालं नाही.

शेवटी इन्स्टिट्यूटच्या सरांनी त्याला मुंबईला मुलाखतीला पाठवलं. निघण्याआधी फोटो काढला. कोट इन्स्टिट्यूटचाच, सगळ्या पोरांना मिळून एक. निकेशला तो ढगळ झाला म्हणून मागून चिमटे लावले होते. मुंबईत समोरच्या बाईंनी कंप्युटर दाखवलाच नाही. कागद-पेन्सिल पुढं केली आणि म्हणाल्या, “एक माणूस जड पोतं उचलतोय. चार-पाच चित्रांत दाखव.” आयुष्यभर वजन उचलणारी माणसं पाहिलेल्या या पोराला ते जमलं नाही. त्याचा माणूस खुंटीवर टांगलेल्या सदऱ्यासारखा दिसत होता. बाई रागावल्या नाहीत, तेच वाईट झालं. “सॉफ्टवेअर आम्ही महिन्याभरात शिकवतो रे,” त्या म्हणाल्या. “पण हात? आधी चित्रकलेच्या कॉलेजात का नाही गेलास?”

तो परतला तेव्हा बॅनर चौकात लागलंही होतं. सर थंडपणे म्हणाले, “मुलाखतीसाठी निवड झाली होती ना? मग खोटं काय आहे?” इकडे मायनं गावभर पेढे वाटले होते. सांगू, दिवाळीत सांगू, म्हणता म्हणता तीन वर्षं गेली. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण झाकून झाकून बोटं आखडली, आणि मूठ उघडायची कशी तेच तो विसरून गेला. गावाला ठाऊक एवढंच, की निकेश चंद्रपुरात कार्टूनच्या कंपनीत आहे.

मग मनसारामकाका चंद्रपुरात आले. मच्छीमार सोसायटीचे जुने माणूस. वाट्यांकडे पाठ करून उभे राहायचे ते बहुतेक वेळा हेच. सोबत त्यांची पोरगी आचल आणि मिरवायला म्हणून प्रेमिला. निकेशनं त्यांना दुकानाकडे येऊच दिलं नाही, बसस्टँडवरच गाठलं. तरी प्रेमिलानं सगळ्यांना चौकात नेलं आणि बॅनरखाली उभं केलं.

“पाह्य जी मनसारामभाऊ. माह्या पोट्टा.”

काकांनी मान वर करून पाहिलं, मग खाली उभ्या निकेशकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत कौतुक होतं. निकेशला वाटलं, भुईनं आपल्याला पोटात घ्यावं.

चहाच्या टपरीवर काकांनी सांगितलं ते असं. आचलला ॲनिमेशनच करायचं होतं. शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तरांनी तिला परीक्षेला बसवलं आणि नागपूरच्या सरकारी चित्रकलेच्या कॉलेजात तिचा नंबर लागला. तिथं चार वर्षं. इथं इन्स्टिट्यूटमध्ये दीड वर्ष आणि वर नोकरी. नागपूरला येत्या सोमवारपर्यंत हजर व्हायचं, नाहीतर जागा गेली.

“चार वर्सं नुसते चित्रंच काढाचे म्हणते,” काका म्हणाले. “कंप्युटर मंग कवा? आन् नागपुरात आपलं कोण हाय? इथी तू हायेस.”

आचलनं पिशवीतून लग्नपत्रिकांचा गठ्ठा काढला. कोऱ्या बाजूवर चित्रं होती. एका चित्रात म्हातारा गुडघाभर पाण्यात जाळं ओढत होता, आणि त्या जाळ्याचं वजन त्याच्या पाठीत उतरलं होतं, मानेत, रुतलेल्या टाचेत. निकेशनं पत्रिका हातात धरली. त्या मुंबईच्या बाईंना हेच हवं होतं. हिला नागपूरलाच जायला पाहिजे होतं, यात शंका घ्यायलाही जागा नव्हती.

“हे पाह्य निकेश,” काका म्हणाले, “आमाले यातलं काही समजत नाई. तू दोन्हीकडचं जाणते. वाटा पाडताना पाठ करणारा जसा सांगते तसं सांग. कोणाचं तोंड पाहू नको. पोरगी कुठी टाकू?”

सांगायला एक वाक्य पुरत होतं. ते त्याच्या जिभेवर आलंही. पण ते बोललं की ‘मग तुला कशी लागली नोकरी?’ हा पुढचा प्रश्न ठरलेला होता, आणि प्रेमिला समोरच बसली होती. बशीत चहा ओतता ओतता थांबलेली, नवं लुगडं नेसलेली, पोराच्या उत्तराआधीच हसू लागलेली. निकेशनं तिच्या तोंडाकडे पाहिलं.

“इथलीही चांगलीच हाय काका,” तो म्हणाला.

आचलनं पत्रिका गोळा करून पिशवीत ठेवल्या.

त्यानंतर त्याचं कशात लक्ष लागेना. एका श्रद्धांजलीच्या बॅनरवर त्यानं भलत्याच म्हाताऱ्याचा फोटो टाकला आणि विनोदभाऊंच्या शिव्या खाल्ल्या. शनिवारी त्यानं सुट्टी मागितली आणि गोंदियाची गाडी धरून गावी गेला. अजून वेळ होता. गाडीत त्यानं सगळं बोलणं मनात जुळवून ठेवलं होतं.

मनसारामकाका तलावाच्या पाळीवर जाळं सांधत बसले होते. बाजूला दोघं-तिघं होते, प्रेमिला टोपली घेऊन तिथंच होती. निकेशनं बसायचीही वाट पाहिली नाही. उभ्या उभ्या सगळं ओकला. नोकरी नाही, स्टुडिओ नाही, कोटसुद्धा आपला नाही. फ्लेक्सच्या दुकानात आहे. ते बॅनर मीच छापतो. आचलला नागपूरला पाठवा, उद्याच निघा.

काकांनी सुई जाळ्यात अडकवून ठेवली.

“मंग परवा चांगली हाय काऊन म्हणला?”

“माय होती ना तिथी.”

“आज बी हाय.”

काका रागावले नव्हते. ते खरोखरच विचार करत होते, आणि त्यांचा विचार सरळ होता. “तवा खोटा बोलला म्हणतेस. मंग आता खरा बोलून राह्यला हे मी कसं धरू? तवाचं खरं आन् आताचं खोटं, असं बी असू शकते. चौकात तुया एवढा मोठा फोटो लागला हाय, बापा. तो मी माह्या डोळ्यानं पाह्यला.”

“तो फोटो खोटा हाय काका.”

“गावानं तुले वाटा देल्ला,” बाजूचा एक जण म्हणाला. “आता दुसऱ्याच्या पोरीची पाळी आली तं तुले नाई पटून राह्यलं का?”

निकेशनं मायकडे पाहिलं. तिला तरी पटलं असेल. तिला पटलंच होतं. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता, म्हणजे तिला सगळं समजलं होतं. टोपली उचलत ती म्हणाली, “कामाचा लय ताप हाय जी त्याले. कंपनीत झोपू देत नाई. कायबी बोलते. नोका मनावर घेऊ.”

ती त्याला हाताला धरून घरी घेऊन गेली. घरी ताट वाढलं, तो जेवेपर्यंत चुलीकडे तोंड करून बसली आणि मग एवढंच म्हणाली, “मले बजारात बसा लागते रे बाबू.” तिच्यावर चिडावं असं त्याला फार वाटलं, पण कोणत्या तोंडानं चिडायचं? खोटं त्यानं पेरलं होतं, तिनं फक्त राखण केली.

सोमवार गेला. आचलचं नाव इन्स्टिट्यूटमध्ये घातलं गेलं. पाळीवर पुन्हा एक वाटा जास्तीचा पडू लागला. “हा कोणाचा?” “आचलचा.”

पुढचं सांगण्यात काही नवल नाही. तीही चेंडू उसळवायला शिकली, अक्षरं गरगर फिरवायला शिकली. सुरुवातीला पत्रिकांच्या मागे चित्रं काढायची, मग बंद झालं. दीड वर्षानंतर तिलाही कुठं कुठं मुलाखतीला पाठवलं आणि तीही परत आली. विनोदभाऊंनी दुसरा कंप्युटर घेतला होता. “तुयाच गावची, तुयाच कोर्सवाली. शिकवा नाई लागणार,” असं म्हणत त्यांनी तिला निकेशच्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं. गावाला ठाऊक आहे, आचलही कार्टूनच्या कंपनीत आहे.

यंदा निकाल लागला आणि इन्स्टिट्यूटची फाईल आली. सोबत निरोप : जुना मुलगा काढा, नवीन मुलगी टाका, मजकूर तोच राहू द्या. काम आचलकडे गेलं. तिनं निकेशचा फोटो निवडला आणि पुसला. सहा वर्षं ज्याच्यामुळे मान खाली घालून चौक ओलांडला तो कोटातला पोरगा एका बटणासरशी गेला. निकेशला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही.

तिथं तिनं स्वतःचा फोटो बसवला. तोच कोट. मागचे चिमटे दिसत नव्हते.

“भाऊ, डोळ्याखालचं काळं काढू का?”

“काढ.”

ती काढत राहिली.

“तुमी गावात येऊन सांगलं, ते खरं होतं.”

“हो.”

“मले तवाच माहीत होतं,” आचल म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, ती पडद्याकडेच पाहत होती. “टपरीवर बाबानं इचारलं ना, तवा मी तुमच्याकडंच पाहून राह्यली होती. तुमी मायच्या तोंडाकडं पाह्यलं. मंग माह्याकडं पाह्यलंच नाई.”

“मंग तू काऊन नाई बोलली?”

“मले कोणं इचारलं?”

तिनं पिवळी अक्षरं जरा मोठी केली, फाईल सेव्ह केली आणि त्याच्याकडे पाठवली, कारण छपाईचं मशीन त्याच्या कंप्युटरला जोडलेलं होतं. आतून विनोदभाऊ ओरडले, उद्या सकाळी चौकात लागायला पाहिजे. निकेशनं माप तपासलं, रोल नीट लावला आणि बटण दाबलं.