बुंदीच्या तेलावरचं वऱ्हाड

चढावर इंजिन बंद पडलं तर?

दोन वर्षं झाली, हा एकच प्रश्न कालिंदीबाईंच्या मागे लागला होता. भाजी चिरताना, देवाला फूल वाहताना, रेडिओवर बातम्या चालू असताना तो मध्येच डोकं वर काढायचा. बरोबरीच्या बायकांची मुलं कुणाची बँकेत, कुणाची जिल्हा परिषदेत. त्यांच्या काळज्या बदलीच्या, नाहीतर क्वार्टर मिळण्याच्या. कालिंदीबाईंचा अंबादास मात्र भजी तळून उरलेल्या तेलावर ट्रक चालवत होता. ही काळजी सांगायची तरी कुणाला? सांगितली की माणसं आधी हसत, मग विचारत, "खरंच चालतो?"

चालत होता. तेच तर दुखणं होतं. पहिल्याच दिवशी बंद पडला असता तर पोरगं चार दिवस रुसलं असतं आणि पुन्हा कामाला लागलं असतं.

अंबादास लहानपणापासून हुशार. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा पहिल्या वर्गात घेऊन तो उद्यमनगरातल्या एका कारखान्यात लागला. तिथे पाच वर्षं त्याने शेतीपंपांची ऑइल इंजिनं जोडली. मग एक दिवस नोकरी सोडली आणि लिलावातला जुना ट्रक घेऊन दारात उभा राहिला. वडील, दत्तोपंत, भूमापन कार्यालयात हेडक्लार्क. त्यांनी ट्रकला एक फेरी मारली, चाकाला छत्रीचं टोक लावून पाहिलं आणि म्हणाले, "याला पेन्शन असते का रे?" एवढं बोलून ते आत गेले. पुढे दोन वर्षं गुळाचे रवे, मोठाल्या ढेपा, भरून ट्रक मिरज, पुणे करत राहिला आणि घरात कुणी काही बोललं नाही.

एकोणऐंशी साली डिझेलचा तुटवडा पडला. पंपापासून पार नाक्यापर्यंत ट्रकांच्या रांगा लागल्या. अंबादास आणि त्याचा ड्रायव्हर गुंडू रांगेतच जेवत, रांगेतच झोपत. एकदा तीन दिवस रांगेत गेले, वळवाचा पाऊस आला आणि ताडपत्रीखालचा गूळ पाझरून रस्त्यावर आला. त्या दिवशी अंबादास घरी आला तो जेवला नाही. भिंतीला टेकून बसला. मग संध्याकाळी उठून कोपऱ्यावरच्या फरसाणवाल्याकडे गेला आणि काळ्याभोर तेलाचा एक डबा घेऊन आला. ते तेल एरवी साबणवाला न्यायचा. डिझेलचं इंजिन पहिल्यांदा लोकांसमोर मांडलं गेलं त्या काळात ते शेंगतेलावरही चालवून दाखवलं होतं, असं त्याने कुठल्याशा पुस्तकात वाचलं होतं.

"आई, तुझी एखादी जुनी सुती साडी देतेस?"

कालिंदीबाईंनी दिली. हे त्यांना कधीच विसरता आलं नाही. राजाराम कॉलेजातून बी.ए. झालेली बाई, मुलाला चार शब्द सुनावायचे सोडून पदर खोचून तेल गाळायला बसली. साडीच्या चार घड्या पातेल्यावर ताणून धरायच्या, तेल उन्हात कोमट करायचं, धार बारीक सोडायची. वर चिवड्यातले जळके शेंगदाणे, कढीपत्ता, डाळीचा चुरा राहायचा. प्रत्येक खेपेच्या तेलाचा नमुना एका बाटलीत भरून, तारखेची चिठ्ठी लावून खिडकीत ठेवायचा, ही अंबादासची पद्धत. किती दिवसांत खाली गाळ बसतो ते त्यावरून त्याला कळे. ट्रकला त्याने दोन टाक्या केल्या होत्या. छोटीत डिझेल. सुरू करताना आणि बंद करण्याआधी पाच मिनिटं डिझेल, मधल्या वाटेला तेल.

ज्या दिवशी ट्रक पहिल्यांदा कढईतल्या तेलावर गल्लीतून गेला, त्या दिवशी सगळी आळी दारात आली. धुराला कांदाभज्यांचा वास होता. "काकू, आज काय बेत?" म्हणून पोरांनी गिल्ला केला. कालिंदीबाईही हसल्या होत्या, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. दत्तोपंत तेवढे हसले नाहीत. "तुझ्या साड्या संपल्या की याचा धंदा संपेल," ते म्हणाले.

साड्या संपल्या नाहीत, पण दुसरं बरंच काही संपत गेलं. गुळाचे व्यापारी नको म्हणायला लागले, गुळाला तेलकट वास लागतो म्हणून. मग विटा, खत, शेणकूट. अंबादासचं लग्न जमत आलं होतं. मुलीचे मामा घरी येऊन बसले, पाणी प्यायले, आणि जाताना दत्तोपंतांना बाजूला घेऊन म्हणाले, "मुलगा चांगला आहे हो. पण अंगाला वास येतो." हे ऐकून अंबादासने दोन दिवस शिकेकाईने डोकं धुतलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेलाच्या डब्यांपाशी. त्याच्या नखांतला काळा रंग कालिंदीबाई ताटात वाढताना पाहत.

गेल्या जानेवारीत जोतिबाच्या चढावर, सकाळच्या गारठ्यात, इंजिन बंद पडलं. टाकीतून येणाऱ्या नळीत तेल घट्ट झालं होतं. इंजिन थांबलं, ब्रेकचा जोर उतरला आणि विटांनी भरलेला ट्रक मागे सरकू लागला. गुंडूने उडी टाकली आणि लाकडी ठोकळा चाकाखाली सारला. ट्रक थांबला. गुंडूच्या उजव्या हाताची तीन बोटं ठोकळ्याबरोबर चाकाखाली गेली.

कालिंदीबाई दवाखान्यात डबा घेऊन गेल्या तर तो पन्नाशीचा माणूस त्यांचीच समजूत घालायला लागला. "वैनी, रडू नगासा. डाव्या हातानं बी तंबाकू मळता येती की." मग आवाज खाली आणून म्हणाला, "पोराला येक सांगा. त्यानं हुशारी लई केली, पर चढाला हुशारी कळत न्हाई. म्या सांगून बघितलं. ऐकत न्हाई त्यो."

गुंडू पुन्हा ट्रकवर आला नाही. अंबादास त्याच्या घरी रोज जायचा, त्याच्याशी नजर न मिळवता बसायचा. त्याने टाकीत तांब्याच्या नळीचं वेटोळं घालून त्यातून इंजिनचं गरम पाणी फिरवलं, बाहेरच्या नळीला गोणपाट गुंडाळलं आणि स्वतःच स्टिअरिंग धरलं. तोवर डिझेल पुन्हा मिळायला लागलं होतं. रांगा संपल्या होत्या. सगळ्या गावाच्या दृष्टीने ती गोष्ट संपली होती.

"अंबू, आता मिळतंय ना डिझेल? घाल की," कालिंदीबाई म्हणाल्या.

"आता सोडलं तर गुंडूमामाची बोटं कशासाठी गेली गं?"

कालिंदीबाई एवढं पाहत होत्या की मुलगा तिशीचा झाला आहे, कानशिलं पांढरी व्हायला लागली आहेत आणि ज्या वाटेला तो लागला आहे तिथून त्याला मागे हाक मारणारं कुणी उरलेलं नाही.

त्यात डिसेंबरात गडमुडशिंगीचे बाळासो आले. त्यांच्या थोरल्या मुलाचं लग्न संकेश्वरला ठरलं होतं. उसाचा हंगाम, जिल्ह्यातले सगळे ट्रक कारखान्यांना जुंपलेले, वऱ्हाडाला गाडी मिळेना. कुणीतरी त्यांना अंबादासचं नाव सांगितलं. बाळासो अंगणात उभे राहून मोठ्याने बोलत होते, ते आत कालिंदीबाईंना ऐकू येत होतं.

"इंजनेर, तुमची गाडी त्यालावर पळती म्हणत्यात. व्हय का?"

"पळते की."

"मग ऐका. लाडवाची बुंदी पाडल्याली हाय आमच्या घरात. आमच्याच रानातल्या शेंगांचं त्याल. कढईत उरलंय दोन डबं. तेच घाला गाडीत! गावात सांगाय बरं, बाळासोनं पोराचं वऱ्हाड बुंदीच्या त्यालावर न्हेलं म्हणून."

दोघं खदाखदा हसले. कित्येक महिन्यांत कालिंदीबाईंनी मुलाला असं हसताना ऐकलं नव्हतं. तो आत आला तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता. "आई, साठ माणसं बसणार. सगळं गाव बघणार. एकदा हे वऱ्हाड नीट जाऊन आलं ना, की भज्याचा ट्रक म्हणून हसायची कुणाची छाती होणार नाही."

"तवंदीचा घाट आहे मध्ये. तेवढ्या दिवशी डिझेलवर ने."

"डिझेलवर नेणारे शंभर आहेत. त्यांनी मला तेलासाठी बोलावलंय."

काल सकाळी उन्हात बसून दोघांनी ते डबे गाळले. तेल पिवळं, नितळ, एक काळा कण नाही. "वर्षात असं तेल मिळालं नव्हतं," अंबादास पुन्हापुन्हा म्हणाला. कालिंदीबाईंनी नेहमीसारखी बाटली भरली, चिठ्ठी लावली. चारच्या सुमाराला तो ट्रक घेऊन गडमुडशिंगीला मुक्कामाला गेला. वऱ्हाड सकाळी साडेसातला निघायचं होतं.

आणि आज सकाळी सात वाजता त्यांनी खिडकी उघडली, तर बाटलीतलं तेल पांढरं झालं होतं.

त्यांनी बाटली उलटी केली. आतलं हललं नाही. शेजारच्या जुन्या बाटल्या पाहिल्या. थंडीने जरा जाडसर, पण वाहत होत्या. बूच काढून बोटाने थोडं घेतलं, चोळलं, वास घेतला. तीस वर्षं स्वयंपाकघरात काढलेल्या बाईला आणखी काही करावं लागलं नाही. नुसतं शेंगतेल असं थिजत नाही. आचाऱ्याने बुंदी मोकळी राहावी म्हणून कढईत वनस्पती तूप ओतलं होतं, चांगलं निम्म्याला निम्मं. लग्नघरात हे सर्रास चालतं. बाळासोंना त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नसणार. काल उन्हात सगळं पातळ होतं, म्हणून त्यांनाही दिसलं नव्हतं. स्वतःच्या हाताने गाळून दिलं होतं त्यांनी.

टाकीतलं तेल गरम पाण्याच्या नळीने वितळेल. म्हणजे ट्रक छान निघेल. निपाणीपर्यंत छान जाईल. टाकीबाहेरच्या नळीला मात्र नुसतं गोणपाट होतं, आणि तिथे गार वारा लागून ते कुठे धरेल हे कुणी सांगू शकत नव्हतं. मागे उघड्या हौद्यात भाताच्या पिंजरावर बसलेल्या बायका, मांडीवर पोरं, आणि समोर तवंदीचा चढ. ठोकळा लावायला गुंडूही नाही.

"अहो," त्यांनी दत्तोपंतांसमोर बाटली धरली. सगळं सांगितलं.

दत्तोपंतांनी चष्मा लावून बाटली पाहिली. "त्याचं त्याला कळत असेल की. इंजिनिअर आहे."

"त्याला इंजिन कळतं. हे मला कळतं."

"मग जा आणि सांग."

"रिक्षाने पोचेपर्यंत तो हायवेला लागला असेल. फोनच करायला हवा."

"ऐकेल तो फोनवर?"

ऐकणार नव्हता. त्याचं उत्तर कालिंदीबाईंना आत्ताच ऐकू येत होतं. आई, टाकीत गरम पाणी आहे. आई, सगळे बसलेत. आई, आता नको ना. आणि तो फोन ठेवील, गाडी सुरू करील.

ऐकणारा माणूस एकच होता. साठ माणसं ज्याची होती तो. बाळासोंना सांगितलं तर ते एकालाही त्या ट्रकात पाय ठेवू देणार नाहीत. गावातला फोन दूध संस्थेत. सकाळची वेळ, किटल्या घेऊन अर्धं गाव तिथे उभं. बाळासो फोनवर जे ओरडतील ते सगळ्यांना कळेल. अंबादासच्या आईनेच फोन करून सांगितलं की ट्रकात बसू नका. यानंतर त्या ट्रकाला जिल्ह्यात कुणी शेणकूटसुद्धा वाहायला देणार नाही. आणि अंबादास? तो भांडणार नाही. तो गुंडूच्या घरी बसतो तसा या घरात येऊन बसेल, नजर न मिळवता. किंवा येणारच नाही.

दत्तोपंत पेपरची घडी घालत होते. घडी पुन्हापुन्हा चुकत होती.

कालिंदीबाईंनी पायांत चपला सरकवल्या आणि जिन्याखालून पलीकडच्या घरात गेल्या. आळीत फोन एकच होता, शालूबाईंकडे. शालूबाई तुळशीला पाणी घालत होत्या.

"इतक्या सकाळी? वहिनी, बरं आहे ना?"

"फोन करायचाय. गडमुडशिंगीला, दूध संस्थेत. तातडीचा सांगा."

शालूबाईंनी तांब्या खाली ठेवला, पदराला हात पुसत आत आल्या आणि एक्स्चेंजला नंबर सांगितला. भिंतीवरच्या घड्याळात सात वाजून बारा मिनिटं झाली होती. मग रिसीव्हरवर हात ठेवून त्या वळल्या. "ऑपरेटर विचारतोय, कुणाला बोलवायचं? अंबूलाच ना?"

पोराचं नाव घेऊन टाकावं, निदान त्याला एकदा विचारलं होतं असं तरी नंतर म्हणता येईल, असं कालिंदीबाईंच्या मनात येऊन गेलं. पण त्याला आणायचं, त्याच्याशी वाद घालायचा, तेवढ्यात साडेसात झाले असते.

"अंबूला नको," त्या म्हणाल्या. "नवरदेवाच्या वडिलांना. बाळासो म्हणावं. आणि म्हणावं, वऱ्हाड गाडीत चढवायच्या आधी या."

शालूबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. कालिंदीबाईंनी पुढे होऊन रिसीव्हर त्यांच्या हातातून घेतला.