तिघींसाठी कुएंका

सुप्रभा वर्दे कुएंकाला घरं बघायला गेली तेव्हा आम्ही दोघी तिथे राहायला जाणार नाही, हे आम्हाला माहीत होतं. तिला माहीत नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे सांगायला अवघड जाईल.

आम्ही दोघी म्हणजे मी आणि चारुता. मी अनघा, तोक्योत फुनाबोरीला राहत होते. नवरा अंबरीष तोयोसुच्या एका कंपनीत इंजिनियर. चारुता तोक्योबाहेरच्या त्सुकुबाची. तिचे यजमान तिथल्या संशोधन संस्थेत होते, ते गेल्यावरही ती तिथेच राहिली. आणि सुप्रभा माझ्या घरापासून चालत सात मिनिटांवर, तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत, एकटी.

सुप्रभा १९९९ साली मुंबईच्या एका बँकेकडून तीन वर्षांसाठी तोक्योला आली. तेव्हा ती चौतीस वर्षांची होती. दुसऱ्या वर्षी डोंबिवलीला तिची आई गेली. तीन वर्षं संपल्यावर बँकेने परत बोलावलं, तेव्हा तिने राजीनामा दिला. परत का नाही गेलीस, असं मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "भावाने घराला नवीन कुलूप लावलं होतं. किल्ली मागायला लागली असती." एवढंच. पुढे तोयोसुच्या सॉफ्टवेअर कंपनीत लागली. जपानी गिऱ्हाइकाला काय हवंय ते पुण्याच्या मुलांना इंग्रजीत लिहून द्यायचं, हे तिचं काम. ऑफिसात वर्दे-सानने शुक्रवारी देते म्हटलं की शुक्रवारीच मिळायचं.

ती कशी होती हे सांगायला एकच गोष्ट पुरे. २०११च्या भूकंपाच्या दिवशी मी त्सुकुबाला चारुताकडे गेले होते. माझा अनुराग तेव्हा नऊ वर्षांचा. सकाळी सुप्रभा सहज म्हणाली होती, "आज मी लवकर सुटणार आहे, त्याला शाळेतून मी आणते." दुपारी धरणी हलली, सगळ्या गाड्या बंद पडल्या, फोन लागेनात. मी त्सुकुबाला अडकले आणि अंबरीष ओसाकाला. सुप्रभा तोयोसुहून निघाली आणि ऑफिसच्या टाचांच्या बुटांत पूल ओलांडत चालत शाळेत पोचली. सगळी मुलं गेली होती, अनुराग आणि एक बाई तेवढ्या बसल्या होत्या. तिच्या पायांतून रक्त येत होतं, असं अनुरागने मला नंतर सांगितलं. मी तिचे आभार मानायला लागले तर ती म्हणाली, "अगं, सांगितलं होतं ना मी."

तर कुएंका. हे इक्वेडोरमधलं गाव आहे, अँडीज पर्वतात, अडीच हजार मीटर उंचीवर. बारा महिने थंड हवा, मधून नद्या वाहतात, आणि बाहेरदेशीचे बरेच पेन्शनर तिथे येऊन राहिलेत. करोनाच्या दिवसांत घरात बसून बसून अंबरीषला या गावाचे व्हिडिओ बघायचा नाद लागला. त्याने ते आम्हाला दाखवले. एका रविवारी मी म्हटलं, "आपण तिघी म्हाताऱ्या झाल्यावर इथे जाऊ. एकाच मजल्यावर तीन घरं घेऊ." चारुता म्हणाली, "अंबरीषला गच्चीत ठेवू." आम्ही पुष्कळ हसलो.

दर दुसऱ्या रविवारी फुनाबोरी स्टेशनजवळच्या कॉफीच्या दुकानात आम्ही भेटायचो. त्या दिवसापासून दर भेटीत कुएंका निघायचंच. मला आणि चारुताला तो खेळ होता. सुप्रभाने मात्र स्पॅनिश शिकायला सुरुवात केली. वॉर्डाच्या केंद्रात एक पेरूच्या बाई शिकवायच्या. दोन वर्षं तिने एकही तास बुडवला नाही. दोन पिढ्यांपूर्वी कुणाचं काय झालं तेसुद्धा स्पॅनिशमध्ये सांगू शकेन आता, असं ती म्हणायची. तेव्हाच आम्हाला कळायला हवं होतं. कळलं असावं, पण आम्ही बोललो नाही.

२०२३च्या जूनमध्ये अंबरीषला हार्ट अटॅक आला. दोन स्टेंट टाकले. हॉस्पिटलमधून घरी आल्यावर तो म्हणाला, "पुण्याला जाऊ या." त्याचा भाऊ तिथे डॉक्टर आहे. मी हो म्हटलं, आणि हो म्हणताना मला हायसं वाटलं, हेही खरं. त्याच सुमाराला चारुताची मुलगी मैथिली, जी नागोयाला असते, तिला दिवस गेले. चारुता तिच्याकडेच राहायला जाणार असं ठरलं. हे सगळं ऑगस्टपर्यंत पक्कं झालं होतं. घरं बघायला जायची सुप्रभाची तिकिटं ऑक्टोबरची होती.

"तिला सांगायला हवं," मी फोनवर चारुताला म्हटलं.

"आत्ता नको," चारुता म्हणाली. "किती वर्षांनी सुट्टी घेतलीये तिने. फिरून येऊ दे. बरं वाटेल जरा तिला. आल्यावर सांगू."

मला तेच हवं होतं. मी लगेच म्हटलं, ठीक आहे.

ती मेक्सिको आणि कीटो अशी विमानं बदलत गेली. अठरा दिवस राहिली. तिथे सेन्योरा ब्लांका म्हणून एक निवृत्त शाळामास्तरीण आहेत, त्यांचं नदीजवळ तीन मजली घर. वरच्या मजल्यावर तीन लहान फ्लॅट, तिन्ही रिकामे होणार होते. सुप्रभाने इथूनच पत्रव्यवहार करून ठेवला होता.

पहिले तीन दिवस ती अंथरुणातून उठू शकली नाही. उंचीमुळे डोकं फुटायला आलं होतं. ब्लांकाबाई कुठल्याशा पाल्याचा काढा करून आणून द्यायच्या आणि उशाशी बसायच्या. तिसऱ्या दिवशी तिने मला फोन केला. मी स्वयंपाकघरात होते. पडद्यावर तिचं नाव दिसलं. मी हात पुसले आणि फोन वाजू दिला. उचलला असता तर सांगावं लागलं असतं, असं मला वाटलं. नंतर तिचा मेसेज आला: 'आता बरं आहे. अंबरीषला उंचीचा त्रास होईल का ते इथल्या डॉक्टरला विचारून येते.'

आणि ती खरंच विचारून आली. हृदयाच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसली, जूनमध्ये मीच तिला पाठवलेले अंबरीषचे रिपोर्ट दाखवले, डॉक्टर काय म्हणाले ते लिहून आणलं. हॉस्पिटलपर्यंत किती वेळ लागतो ते दोनदा चालून पाहिलं, एकदा चढाने आणि एकदा उताराने. तुरीची डाळ कुठे मिळते ते शोधलं. माणूस गेला तर दहनाची सोय आहे का, तेही विचारलं. आहे म्हणे.

बाजारात म्हाताऱ्या बायका बसतात. माणसाला पाल्याच्या जुडीने झोडपतात, अंगावरून अंडं फिरवतात आणि त्याच्यातलं वाईट काढून टाकतात. आपल्याकडे दृष्ट काढतात तसंच. ब्लांकाबाई सुप्रभाला तिथे घेऊन गेल्या. त्या म्हातारीने विचारलं, तुला काय होतंय? सुप्रभा म्हणाली, काही नाही. म्हातारीने तिला डोक्यापासून पायापर्यंत झोडपलं, तोंडातून दारूची फुंकर मारली, मग अंडं फोडून बघितलं आणि म्हणाली, ही घाबरलेली आहे, फार जुनी भीती आहे.

"मला तर काहीच वाटत नव्हतं," सुप्रभाने मला हे सांगताना म्हटलं. "दारूचा वास तेवढा दोन दिवस केसांना येत होता."

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी आम्ही तिघी नेहमीच्या दुकानात भेटलो. सुप्रभाने कप बाजूला सरकवून आलेखाचे कागद पसरले. तिन्ही फ्लॅटचे नकाशे तिने स्वतः मोजून काढले होते. प्रत्येकावर देवनागरीत नाव.

"हा जिन्याजवळचा अनघाचा. अंबरीषला जास्त चालायला नको. हा चारुताचा, सकाळी दहा ते दोन ऊन येतं, गुडघ्यांना बरं. आणि हा आतल्या चौकाकडचा माझा. थोडा अंधार आहे, पण मला चालतो."

चारुता माझ्याकडे बघायला लागली. मी कागदावरच्या माझ्या नावाकडे बघत होते.

"सुप्रभा," मी म्हटलं, "आम्ही नाही येणार गं."

"म्हणजे मी निवृत्त झाल्यावर, २०२५ला नाही?"

"कधीच नाही. आम्ही पुण्याला जातोय. चारुता मैथिलीकडे चाललीये."

ती चिडलेली दिसत नव्हती. ऑफिसच्या कागदातल्या एखाद्या वाक्याचा अर्थ लावताना ती असायची तशी दिसत होती.

"कधी ठरलं हे?"

"ऑगस्टमध्ये."

"मी ऑक्टोबरमध्ये गेले."

"हो."

"बरं," ती म्हणाली.

तिने कागद घडीवर घडी घालून पिशवीत ठेवले. मग चारुताला विचारलं, "मैथिलीला कितवा लागला?" चारुता रडायला लागली. सुप्रभाने तिला रुमाल दिला आणि गार झालेली कॉफी संपवली. बाहेर आल्यावर आम्ही रस्ता ओलांडायला दिव्यापाशी उभ्या होतो. एकही गाडी नव्हती. दिवा हिरवा होईपर्यंत ती उभी राहिली, मग आम्हाला हात करून गेली.

त्यानंतर ती भेटायची थांबली असती तर सोपं झालं असतं. ती थांबली नाही. एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी तशीच येत राहिली. कुएंकाचा विषय कुणी काढत नव्हतं. आम्ही कसल्या कसल्या गप्पा मारत होतो, आता मला त्यातलं एकही वाक्य आठवत नाही. फेब्रुवारीत एकदा ती आणि मी नदीच्या बांधावरून चालत होतो. वारा फार होता.

ती म्हणाली, "मला राग यायला हवा ना?"

"हो," मी म्हटलं.

"मी वाट बघतेय. येत नाही. सकाळी उठते, बघते, नसतो. मग ऑफिसला जाते."

मी माफी मागितली. ती म्हणाली, "असू दे." मलाही काही वाटलं नाही. माफी मागितल्यावर काहीतरी हलेल अशी माझी अपेक्षा होती. आम्ही पुलापर्यंत गेलो आणि परत आलो.

२०२५च्या मार्चमध्ये ती साठाव्या वर्षी निवृत्त होणार होती. कंपनीने पुढची पाच वर्षं खालच्या हुद्द्यावर ठेवून घ्यायची तयारी दाखवली. टेबल तेच, खुर्ची तीच. फॉर्म तिच्याकडे आला होता. ती सही करणार, असं आम्ही सगळ्यांनी धरलं होतं. अंबरीष म्हणाला, "बरं झालं. आपण गेल्यावर तिला ऑफिस तरी राहील."

पण तिने ब्लांकाबाईंना नोव्हेंबरातच लिहिलं होतं, की माझ्या मैत्रिणी येऊ शकत नाहीत, क्षमस्व. बाईंचं उलट एका ओळीचं उत्तर आलं होतं: दोघी नाहीत हे समजलं, तिसरीचं काय? या ओळीला तिने जवळजवळ वर्षभर उत्तर दिलं नाही. मग एक दिवस लिहिलं, एप्रिलमध्ये येते. कंपनीचा फॉर्म कोराच परत केला.

मी तिला विचारलं, "एकटी राहशील? तिथे कोण आहे तुझं?"

"इथे कोण आहे?" असं ती म्हणाली असती तर मला चाललं असतं. ती तसं म्हणाली नाही. म्हणाली, "तिकडे फार आनंद झाला होता असं नाही. इथे फार दुःख आहे असंही नाही. पण मी ब्लांकाबाईंच्या अंगणात उभं राहून 'येते' म्हणून सांगितलंय. तुमचंही मीच सांगितलं होतं. तीनातलं एक तरी खरं होऊ दे."

आमचं पुण्याला निघणं अंबरीषच्या तपासण्यांमुळे मेपर्यंत लांबलं, म्हणून तिची खोली रिकामी करायला मीच गेले. मोठं सामान टाकायचं तर वॉर्डात आधी कळवायचं, प्रत्येक वस्तूला स्टिकर लावायचं आणि दिलेल्या दिवशी सकाळी आठच्या आत खाली ठेवायचं. कपाट, जेवायचं टेबल आणि दोन खुर्च्या आम्ही दोघींनी मिळून उतरवल्या. मग ट्रक येईपर्यंत तिथेच फुटपाथवर त्या खुर्च्यांवर बसलो. एप्रिलचं कोवळं ऊन होतं. समोरून शाळेची मुलं पिवळ्या टोप्या घालून चालली होती.

"अनघा," ती म्हणाली, "तू मला ऑगस्टमध्ये सांगितलं असतंस ना, तर मी बघायला गेलेच नसते."

ही तक्रार होती की आभार, ते मला कळलं नाही. तिच्या चेहऱ्यावर दोन्ही नव्हतं. तेवढ्यात ट्रक आला. माणसांनी वाकून नमस्कार केला, आम्ही खुर्च्यांवरून उठलो, त्यांनी त्या उचलून नेल्या.

नारिता विमानतळावर चारुताही आली होती, नातवाला घेऊन. तो आजीच्या कडेवरून नुकतेच शिकलेले एक-दोन जपानी शब्द बोलत होता. सुप्रभाने त्याच्या गालाला हात लावला, आम्हा दोघींना जवळ घेतलं आणि तपासणीच्या रांगेत जाऊन उभी राहिली. रांग वळत वळत जात होती, त्यामुळे ती चार-पाच वेळा आमच्यासमोर आली. दर वेळी आम्ही हात हलवला. शेवटी शेवटी हसावं की काय करावं, तेही कळेना.

आता मी पुण्याला, बावधनला असते. सुप्रभाचा फोन साधारण पंधरा दिवसांनी येतो, माझ्या संध्याकाळी सहाला, म्हणजे तिच्या सकाळी. उंचीचा त्रास आता होत नाही म्हणते. जपानीच्या दोन शिकवण्या घेते. बाजूच्या घरात एक जण कॅनडाचे आले आहेत, ते टाळ्या वाजवून कुत्र्याला बोलावतात, त्याचा तिला वैताग येतो. वैताग येतो हे ऐकून मला बरं वाटलं.

गेल्या खेपेला बोलता बोलता ती म्हणाली, "मंगळवारी बसमध्ये मला रडू आलं."

"का गं? काय झालं?"

"काही झालं नव्हतं. बस उभी होती, दार उघडं होतं. एकदम सुरू झालं. एका बाईने उठून मला जागा दिली. चार स्टॉप रडत होते."

"मग?"

"मग उतरले. भाजी घेतली."

तिने अंबरीषच्या गोळ्यांची चौकशी केली, रक्तदाब किती असतो ते विचारलं, आणि क्लासची वेळ झाली म्हणून फोन ठेवला. अंबरीष आतून आला. "सुप्रभाचा होता ना? काय म्हणतेय?"

"भाजी घेतली म्हणतेय," मी सांगितलं आणि कुकर लावायला उठले.