पोलिसांच्या घागऱ्यांना खळ

१४ ऑगस्ट. दुपारपासून मी पोलिसांच्या घागऱ्यांना इस्त्री करत होते.

घागरा म्हटलेलं आमच्या ह्यांना चालत नाही. "किल्ट म्हण, किल्ट! सुभेदारसाहेबांनी ऐकलं तर काय म्हणतील?" आता कमरेला गुंडाळायचं, गुडघ्यापर्यंत यायचं आणि मागून चुण्याच चुण्या, याला माझं शिलाई मशीन जन्मभर घागराच म्हणत आलंय. पण ह्यांचं मन मोडायचं नाही, असं मी त्या महिन्यात ठरवलं होतं. कारण पुढे येईलच.

भिवंडीत पोलिसांचा पाइप बँड असावा, किल्ट घालून पिशवीचा बॅगपाइप फुंकणारा, असं आमच्या बड्या साहेबांच्या मनात आलं. पाइपांची पेटी आली आणि साहेबांनी परेडमध्ये विचारलं, "छातीत दम कुणाच्या आहे?" सगळ्यांनी मिळून आमच्या ह्यांना पुढे ढकललं. हे मानकोली नाक्यावर ट्रॅफिक ड्युटीला. दहा कंटेनर एकदम हॉर्न मारत असले, तरी ह्यांची शिट्टी त्यावर चढून ऐकू येते. (घरातही ह्यांना हळू बोलता येत नाही. मीठ मागतात तेव्हा समोरच्या इमारतीतून वाटी येते.)

शिकवायला लष्करातून निवृत्त झालेले एक सुभेदार आले. काखेत पिशवी, तोंडात एक नळी, खांद्यावर तीन नळ्या आणि बोटांखाली एक, असा तो सगळा संसार सांभाळत ह्यांनी घरी पहिली फुंकर मारली. शेजारच्या जाधववहिनी पदर खोचत धावत आल्या.

"कुणाची म्हैस अडली का हो?"

"म्हैस नाही. आमचे हे आहेत."

"अगंबाई! मग डॉक्टरलाच फोन करू का?"

पोलिस लाइनीत तक्रारी झाल्या. साहेबांनी बँडला सरावासाठी वळ गावाकडे कुणाचं तरी एक रिकामं गोदाम मिळवून दिलं. तिथं पहिल्याच दिवशी शेजारच्या गोदामाच्या वॉचमननं पोलिसांना फोन लावला, "साहेब, इकडं कुणाला तरी लय मारतायत!" जीप आली. जीपमधल्या पोलिसांनी पाइप घेऊन बाहेर आलेल्या पोलिसांना सॅल्यूट ठोकला आणि पंचनाम्यात काय लिहायचं, यावर सगळ्यांनी मिळून चहा घेतला.

आता ते कारण. ह्यांना तंबाखूचं व्यसन. माझी बडबड झाली, सासूबाईंची शपथ झाली, सडलेल्या जबड्याचं चित्र मी जेवणाच्या टेबलासमोर लावून पाहिलं. (त्या चित्राने माझीच भूक गेली. हे दोन भाकऱ्या जास्त जेवले.) पण सुभेदार एका वाक्यात म्हणाले, "तंबाखूची थुंकी पाइपात गेली तर आतली सूर काढणारी रीड कुजेल. एक काय ते धर." ह्यांनी त्याच संध्याकाळी पुडी आणि चुन्याची डबी कचऱ्यात टाकली! तेव्हापासून माझ्या लेखी तो बँड नव्हता, औषध होतं. आणि औषध मधेच बंद करायचं नसतं.

साहेबांनी मात्र बजावलं होतं, "पंधरा ऑगस्टला मैदानावर नीट झालं तर बँड राहील. हसं झालं तर पाइप पेटीत आणि माणसं नाक्यावर."

"नाक्यावर परत गेलो तर तंबाखूवाचून उभं राहवणार नाही, सांगून ठेवतो," हे म्हणाले.

"तसली वेळ येणार नाही. किल्ट मी शिवते," मी म्हटलं. (बाहेरून मागवलेले किल्ट वाटेत कुठंतरी अडकले होते.)

कापड दिलं इक्बालभाईंनी. आमच्या लाइनीच्या भिंतीपलीकडे त्यांचे लूम आहेत, लुंगीच्या कापडाचे. लाल-हिरवी चौकट, पक्का रंग. डझनभर घागरे मी पटापट शिवले. सगळ्यांना घालून उभं केलं तर ते अंगाला असे चिकटले, की जणू अख्खा बँड नुकताच आंघोळ करून न्हाणीघराबाहेर आलाय.

सुभेदारांनी कपाळाला हात लावला. "ताई, चाललं की चुण्या झुलल्या पाहिजेत. हे तर पंचे वाटतायत."

"संध्याकाळपर्यंत झुलवते."

घरातल्या साबुदाण्याच्या खळीनं एवढ्या कापडाचं काय होणार? मी बादली उचलली आणि इक्बालभाईंकडे गेले. तिथं सुताला लावायची दाट खळ पिंपानं असते.

"वैनी, कपड्याला? ये तो सूत को लगती है." इक्बालभाई हातातला चहा खाली ठेवत म्हणाले. "देतो, पण तीन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, लई पातळ करून लावा. दुसरी..."

"इक्बालभाई, मी वीस वर्षं शिवणकाम करते. मला शिकवू नका. भरा बादली."

"अरे, पण दुसरी तर सुनो..."

"उद्या ऐकते!"

पातळ बितळ काही केलं नाही. अर्धवट काम मला आवडत नाही. दुपारी घागरे वाळले आणि इस्त्री फिरवून झाल्यावर ते जमिनीवर आपापले उभे राहिले! आत माणूस नसताना! हे ड्युटीवरून आले आणि दारातच दचकले.

"कोण आलंय?"

"कोणी नाही. तुमचे किल्ट आहेत."

"अगं, यात बसायचं कसं?"

"बँड उभ्यानं वाजवतात. आणि आतून खाकी हाफ पॅन्ट घालायची. सगळ्यांनी. माझा हुकूम आहे."

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं, साहेबांचं भाषण झालं आणि बँड आमच्या लाइनीच्या मैदानात आला. काय ते रूप! चुण्या अशा डौलात झुलत होत्या, की मी जाधववहिनींना कोपरानं ढोसलं, "बघा. सगळं माझ्या हातचं." पहिल्या रांगेत एक आजोबा तंतोतंत त्याच चौकटीची लुंगी नेसून बसले होते. बँड समोरून जाताना ते अभिमानानं उठून उभे राहिले.

आणि बुरबुर पाऊस सुरू झाला.

पावसाचं काही नव्हतं. पण खळ भिजली आणि तिचा वास सुटला, आंबूस आणि पिठूळ. भिवंडीत लूमच्या आसपास वाढलेल्या बकऱ्यांना हा वास म्हणजे जेवणाची घंटा! खळीची पिंपं धुतली की खाली सांडलेलं चाटायला त्या ओळीनं हजर असतात. हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. मलाही ठाऊक होतं. फक्त त्या दिवशी डोक्यात नव्हतं.

इक्बालभाईंकडच्या भिंतीच्या भगदाडातून आधी दाढी आली. मग शिंगं. मग इक्बालभाईंचा बोकड बादशहा पूर्ण आला आणि त्याच्या मागोमाग त्याचं खटलं. बकऱ्या बँडच्या मागे शिस्तीत चालायला लागल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. जाधववहिनी म्हणाल्या, "बकऱ्या पण बसवल्यात का हो? छान चालतायत!"

मी जाधववहिनींना ढोसलेलं कोपर हळूच मागं घेतलं.

शेवटच्या रांगेत कडेला आमचे हे. बादशहानं त्यांच्या घागऱ्याची एक चुणी तोंडात धरली आणि चव घेतली. आवडली. त्यानं ओढायला सुरुवात केली.

ह्यांनी करावं काय? दोन्ही हात पाइपावर, तोंडात नळी. त्यांनी डोळे तेवढे माझ्याकडे वटारले आणि जिवाच्या आकांतानं फुंकलं. ढोलवाला घाबरून जलद वाजवायला लागला, म्हणून सगळा बँड जलद चालायला लागला, म्हणून बकऱ्या पळायला लागल्या. मैदानाला दुसरा फेरा पडला तेव्हा प्रत्येक पोलिसामागे एक बकरी आणि प्रत्येक बकरीच्या तोंडात चौकट!

"अहो, सोडा तो घागरा!" मी ओरडले.

अन् ह्यांचा घागरा सुटला. बादशहा तो घेऊन थेट साहेबांच्या खुर्चीसमोर रवंथ करत बसला. हे खाकी हाफ पॅन्टमध्ये, छाती काढून, पावलात पाऊल टाकत पुढं. सूर चालूच! धून संपली, सुभेदारांनी "थम!" केलं आणि सगळ्या मैदानात एका बोकडाच्या चावण्याचा आवाज उरला.

साहेब उठले. माझ्या डोळ्यांसमोर तंबाखूची पुडी नाचायला लागली.

"किल्टला हे काय लावलंय? कोणी लावलं?"

पोलिस खात्यात इतक्या झटपट आरोपी मी कधी सापडलेला पाहिला नाही. सगळी बोटं एकदम माझ्याकडे वळली.

"साहेब, मीच. शिक्षा मला करा, पण बँड बंद करू नका," मी म्हटलं. "ह्यांची तंबाखू सुटलीय."

साहेबांनी रुमाल तोंडाला लावला. खांदे हलत होते. "वहिनी, दंगलीत फळी सोडून पळणारे पोलिस पाहिलेत मी. इथं अंगावरचा कपडा गेला तरी एकानं रांग सोडली नाही, की सूर सोडला नाही. बँड राहील." मग वळून म्हणाले, "कपडे मात्र आपण विकत आणू."

गर्दीतून इक्बालभाई बादशहाला कानाला धरून न्यायला आले. जाता जाता म्हणाले, "वैनी, ही दुसरी गोष्ट होती."

"कळली!"

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी उरलेसुरले घागरे गरम पाण्यात भिजवले, घासले, सगळी खळ काढली आणि भिंतीवरून इक्बालभाईंना दाखवत उंच दोरीवर वाळत घातले. बादलीत पांढरं दाट पाणी राहिलं. मी घरात काही वाया घालवत नाही. दारातल्या कढीपत्त्याला, मोगऱ्याला आणि जाधववहिनींच्या लाडक्या जास्वंदीला ते सारखं वाटून टाकलं आणि चहा ठेवायला आत गेले.

कप घेऊन बाहेर आले तर दारात बादशहा उभा. सहकुटुंब. कढीपत्त्याचा एक बुडखा, मोगऱ्याची एक काडी, आणि जास्वंदीची तर आठवणसुद्धा नाही.

भिंतीवरून इक्बालभाईंचं डोकं वर आलं.

"वैनी," ते म्हणाले, "आता तिसरी ऐकताय का?"