फुंकणीची सवय

डॉक्टर म्हणाले, "नव्वद," आणि मी खूश झाले. मास्तरणीचं डोकं! नव्वद म्हटलं की ते शंभरपैकीच असणार, असं त्याला आपोआप वाटतं. मी पदर सारखा करून ताठ बसलेसुद्धा. डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, "बाई, तुमच्या वयाच्या आणि उंचीच्या बाईचा आकडा पावणेचारशेच्या आसपास यायला हवा."

ही गोष्ट परभणीतली, दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती तेव्हाची. मी वालूरच्या अलीकडे एका खेड्यात शिक्षिका होते. चाळिशी गाठली होती आणि एकटी राहत होते. नवरा लग्नानंतर चौथ्या वर्षी गेला. मूलबाळ नव्हतं. आमच्या घराने छप्पन्न साली धम्म घेतला. आईला अक्षरओळख नव्हती, पण विधवा लेकीला पुन्हा कुणाच्या दारात उभी करायची नाही हे तिने ठरवून टाकलं आणि मला ट्रेनिंगला धाडलं. म्हणून नोकरी होती, आणि नोकरी होती म्हणून गावाच्या कडेला का होईना, स्वतःच्या कुलपाची एक खोली होती.

खोकला कधी सुरू झाला ते आठवत नाही. धाप मात्र आठवते. पाढे म्हणून घेताना पंधराचा पाढा संपेपर्यंत माझा आवाज संपायचा. मग मी फळ्याकडे वळून उगाच काहीतरी पुसत राहायचे. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांसमोर मला मधेच खुर्चीत बसावं लागलं. महिनाभरात गावात झालं की बाईंना क्षय आहे. शाळेत माझा चहाचा कप आधीपासूनच वेगळा होता. आता त्याचं कारण तेवढं बदललं. पाठोपाठ वरून कागद आला: छातीची तपासणी करून तंदुरुस्तीचा दाखला आणावा, अन्यथा नोकरीतून कमी करण्यात येईल.

नोकरी गेली असती तर मी जिंतूरला भावाकडे गेले असते, दुसरीकडे जाणार कुठे? भाऊ वाईट नव्हता. पण त्याच्या घरात दोन खोल्या, आठ माणसं आणि एक चूल. न कमावणाऱ्या विधवा बहिणीची जागा त्या घरात कुठे असणार हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. ज्या धुराने दम लागला त्याच धुरासमोर जन्म काढायचा, आणि वर त्याला आराम म्हणायचं. मला नुसत्या विचाराने संताप यायचा.

थुंकी तपासली, एक्स-रे काढला. क्षय नव्हता. तेव्हा परभणीच्या दवाखान्यातल्या नर्सने सांगितलं की बाहेरगावचे एक छातीचे डॉक्टर महिन्यातून एकदा येतात, त्यांच्याकडे फुंकायचं यंत्र आहे. अशी मी त्यांच्यासमोर पोचले. यंत्र म्हणजे एक गोल डबा, त्यावर घड्याळासारखी तबकडी आणि तोंडात धरायला पुठ्ठ्याची नळी. तीनदा फुंकायचं, सगळ्यात मोठा आकडा धरायचा. मी जीव ओतून फुंकलं. ऐंशी, पंच्याऐंशी, नव्वद.

"या आकड्यावर मला दाखला देता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही इथवर चालत कशा आलात याचंच मला नवल वाटतंय." आजवरचे कागद एकत्र लावून देतो, तोवर बसा म्हणाले. मी कोपऱ्यातल्या बाकावर बसले. रडले नाही. समोरच्या भिंतीवरचे पोपडे मोजत बसले.

माझ्यानंतर एक म्हातारी आली, तिच्यानंतर एक लेकुरवाळी बाई. दोघींनाही पुष्कळ कमी आकडे. डॉक्टर नर्सला म्हणत होते, या भागातल्या बायकांचं काही खरं नाही. मी त्या म्हातारीकडे पाहत होते. तिने नळी तोंडाला लावली, डोळे बारीक केले, गाल फुगवले आणि लांबलचक, सावकाश, एकसारखी फुंक घातली. फुंक संपल्यावर नळीवरून तोंड काढून मान चटकन बाजूला वळवली आणि मग श्वास घेतला. लेकुरवाळीने अगदी तसंच केलं. डोळे बारीक, लांब फुंक, मान बाजूला. खोलीत ना विस्तव होता ना राख.

मला हसू फुटलं. आणि हसताना खोकला आला, तो थांबेना. नर्सने पाणी दिलं. मी उठून टेबलापाशी गेले आणि म्हणाले, "साहेब, आम्ही सगळ्या चूल फुंकतोय."

त्यांना कळेना. शहरात वाढलेला माणूस. मग मी त्यांना फुंकणी समजावून सांगितली, चौथीच्या वर्गाला सांगावी तशी. लोखंडाची पोकळ नळी असते. जोरात फुंकलं तर राख तोंडावर येते आणि विस्तव विखुरतो. म्हणून हळू, दमाने फुंकायचं. श्वास नळीतून कधी ओढायचा नाही, नाहीतर धूर थेट छातीत. आई सहा-सात वर्षांच्या मुलीला पहिली हीच शिस्त लावते. आमच्या तोंडात कुठलीही नळी दिली की आम्ही फुंकणीच फुंकणार.

डॉक्टरांनी स्वतःच्या वहीतली मागची दोन-तीन पानं चाळली, बहुधा आधीच्या महिन्यांतल्या बायकांच्या आकड्यांची. त्यांचा चेहरा उतरला होता. "मग कसं सांगू यांना?" त्यांनी विचारलं.

"जोरात म्हणून कळायचं नाही. चिमणी विझवतो तसं म्हणा. लांबून, एका फटक्यात."

आधी मीच बसले. छाती भरून श्वास घेतला, ओठ नळीभोवती घट्ट धरले आणि समोर पेटलेली चिमणी आहे असं समजून फुंकलं. एकशे नव्वद. मग दोनशे दहा. मग दोनशे पाच. डोळ्यांपुढे अंधारी आली, पण मी टेबलाची कड सोडली नाही.

दोनशे दहा, म्हणजे मनातल्या मनात छप्पन्न टक्के. "पास," मी म्हणाले.

"हे गुण नाहीत बाई," डॉक्टर म्हणाले. त्यांनी दंडात एक सुई टोचली, अर्धा तास बसवलं आणि पुन्हा फुंकायला लावलं. दोनशे वीस. "नुसता दमा असता तर आता आकडा उडी मारून वर गेला असता. तुमच्या नळ्या धुराने कायमच्या अरुंद झाल्यात. श्वास आत जातो, बाहेर पुरता निघत नाही. गेलं ते परत येणार नाही. उरलंय ते मात्र सांभाळता येतं. आणि एक लक्षात ठेवा, हा आकडा दुसऱ्या कुणाशी ताडायचा नाही. पुढच्या खेपेला तुमच्याच दोनशे दहाशी ताडायचा. आकडा छातीचा असतो, माणूस दिवसभरात काय करू शकतो ते त्यात सगळं येत नाही."

आता या दुखण्याला सीओपीडी म्हणतात. त्यांनी तेव्हा वेगळंच लांब नाव लिहिलं होतं. विडी ओढता का, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, सातव्या वर्षापासून ओढतेय, पऱ्हाट्यांची आणि गोवऱ्यांची.

मग त्यांनी धाप लागली की काय करायचं ते शिकवलं. घाबरून भराभर श्वास घ्यायचा नाही. नाकाने घ्यायचा, ओठ आवळून हळूहळू सोडायचा, घ्यायला लागला त्याच्या दुप्पट वेळ. जोर नको. मी करून दाखवलं आणि पहिल्याच वेळेला बरोबर आलं. "म्हणजे फुंकणीच," मी म्हणाले. डॉक्टर त्या दिवशी पहिल्यांदा हसले. "फुंकणीच. फक्त चुलीशिवाय." दाखल्यावर त्यांनी लिहिलं, काम करण्यास योग्य. खाली एक ओळ, धुरापासून दूर राहावे.

येताना परभणीतूनच वातीचा स्टोव्ह घेतला. तो मांडीवर ठेवून सेलूपर्यंत रेल्वेने आणि पुढे एसटीने आले. इतका आनंद झाला होता, आणि सांगायला कुणी नव्हतं. शेजारच्या सीटवरच्या बाईला सांगावंसं वाटलं, पण काय सांगणार, की मला दोनशे दहा मिळाले?

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टोव्हवर चहा केला. चूल सारवून बंद ठेवली. रविवार होता. उन्हं वर आली तरी मी अंथरुणाला टेकून पुस्तक वाचत होते, तेवढ्यात दार धडाधडा वाजलं. उघडलं तर समोरची मावशी. रस्त्यापलीकडे तिचं घर. आमच्यापेक्षा वरच्या जातीची, जमीनजुमल्याची. चौदा वर्षांत तिने माझ्याकडे पाण्याचा घोट घेतला नव्हता. तो विषय आम्ही दोघींनी कधी काढला नाही. तिची लुगड्याची गाठ सैल झाली होती आणि पायात वहाण नव्हती.

"बाई! हाय का तू?"

"आहे की. काय झालं मावशी?"

"धूर न्हाई दिसला सकाळधरनं." ती उंबऱ्याबाहेर मटकन बसली. "रोज उठले की आदी तुज्या छपराकडं बघते. धूर दिसला की म्हनते, हाय बाई, उठली. मग तोंड धुते. आज न्हाईच. बिमारीत गेली का काय म्हनून जीव लय घाबरला."

मी तिच्यापाशी बसले. मला राग आला, तिचा नव्हे, सगळ्याचाच. चौदा वर्षं मी त्या खोलीत रोज समजत होते की मी मेले तर शाळेची घंटा चुकल्यावर कळेल. आणि इकडे कुणीतरी रोज माझं छप्पर बघत होतं. ज्या धुराने माझी छाती खाल्ली, तेवढाच काय तो माझा निरोप लोकांपर्यंत पोचत होता.

"आता धूर नाही दिसायचा मावशी," मी तिला स्टोव्हचं सांगितलं.

"मंग मला कसं कळंल?"

शेवटी ठरलं ते असं, की मी उठल्याबरोबर लाल टॉवेल ओला करून दारापुढच्या दोरीवर घालायचा. मी चहा विचारला. ती नको म्हणाली, पण उठून जायच्या आधी बराच वेळ तशीच बसून राहिली.

पुढे मी बरी म्हणावी अशी जगले. आंघोळ बसून करायची, बादली अर्धीच भरायची, उचलताना श्वास सोडायचा. शाळेच्या वाटेवर तीन थांबे ठरवले, कडुलिंब, हातपंप, फाटक, आणि प्रत्येक ठिकाणी ओठ आवळून चार फुंकण्या. पाढे निम्मे मी म्हणायचे, निम्मे वर्ग. दर सहा महिन्यांनी परभणीला जाऊन चिमणी विझवून यायचे. त्या डॉक्टरांनी यंत्राशेजारी खरोखरच एक चिमणी आणून ठेवली होती, बायकांना दाखवायला. पेन्शनीपर्यंत शिकवलं आणि जिंतूरला गेले नाही.

मावशी त्या रविवारनंतर पाच वर्षांनी गेली. त्या दिवशी मी शाळेत होते. संध्याकाळी परत आले तर तिच्या दारात माणसं होती. मी रस्त्याच्या अलीकडे उभी राहिले. आत कुणी बोलावलं नाही, आणि माझे पायही पुढे झाले नाहीत. माझा टॉवेल दोरीवर वाळला होता.

आता मी परभणीत एका खोलीत राहते. आकडा एकशे चाळीसवर आलाय. समोर दुसऱ्या घराची मागची भिंत आहे, तिला खिडकीसुद्धा नाही. तरी सकाळी उठल्याबरोबर मी टॉवेल ओला करून दोरीवर घालते. कधी उठायला उशीर झाला तर चार फुंकण्या न घेताच दोरीकडे जाते आणि धाप लागते. मावशी वाट बघत असेल असं वाटतं.