दोन बोटं बुटकी पायरी

माझा नवरा गावाबाहेरच्या जुन्या हवेलीत पाहुण्यांना माहिती सांगतो. खांब कुणी कोरले, उंच छताचा दिवाणखाना उन्हाळ्यात गार का राहतो, सगळं तोंडपाठ. जिथे माहीत नसतं तिथे ठोकून देतो. तिथल्या जिन्याची सगळ्यात खालची पायरी बाकीच्यांपेक्षा दोन बोटं बुटकी आहे, उतरणारा हमखास अडखळतो. "ही चोरपायरी! चोर पळताना इथेच तोंडावर आपटायचे," असं तो पंधरा वर्षं सांगतोय. लोक टाळ्या वाजवतात, की स्वारी खूश.

परवा जुन्या इमारतींची नोंद करणाऱ्या बाई आल्या. त्यांनी एकेक पायरी मोजली, खाली वाकून दारं पाहिली आणि म्हणाल्या, "चोरबीर काही नाही. दारंसुद्धा खालून तासलीयेत. दिवाणखान्यातली जुनी फरशी न काढताच वर नवी बसवलीय. कामचुकार गवंडी! अहवालात लिहावं लागेल."

तो गवंडी म्हणजे माझे सासरे. नवऱ्याचं तोंड एवढंसं झालं. "बाबांना काही बोलू नकोस," घरी येताच त्याने मला बजावलं. झाकली मूठ सव्वा लाखाची!

पण मला राहवेना. मामंजी म्हणजे कुणाकडे गेले तरी आधी टेबल हलवून बघणार, आणि ते डुगडुगलं तर पायाखाली कागदाची घडी सरकवल्याशिवाय चहाला हात न लावणारे. असा माणूस कामात कुचराई करेल? चहा देताना सरळ विचारलंच.

मामंजींनी कप खाली ठेवला. "मालक म्हणाले होते, जुनी फोडून टाक. मी छिन्नी लावायच्या आधी धूळ पुसली. बघतो तर नखाएवढ्या रंगीत तुकड्यांची वेल, दारापासून थेट जिन्यापर्यंत. बसवणाऱ्याचं वर्ष गेलं असेल गं! माझा हातच चालेना. वर वाळू पसरली, त्यावर आपली फरशी बसवली, आणि मालकांना सांगितलं, काढली."

"पण पायरी बुटकी होणार, हे कळलं नाही तुम्हाला?"

"कळलं की. शिव्या मलाच बसणार होत्या ना? बसू देत म्हटलं."

नवरा दारात उभा राहून ऐकत होता. "बाबा, मला कधी सांगितलं नाहीत?"

"तू विचारलंस कुठे? तू चोर पकडत होतास."

मला हसू आवरेना. त्याला मात्र आलं नाही. त्याने लगेच बाईंना फोन लावला. त्या तर उडाल्याच. पण खालची वेल बघायची तर वरची फरशी काढावी लागणार, आणि ती धड निघेल याची खात्री नाही, असं त्यांनी सांगितलं.

नवऱ्याने फोन ठेवला. मामंजींनी बांधलेली घरं एकेक करून पडली, तिथे इमारती झाल्या. त्यांच्या हातचं म्हणावं अशी तेवढी दिवाणखान्यातली फरशीच उरली होती. "नको बाबा," तो म्हणाला. "राहू दे तुमची."

मामंजी उठले, माळ्याखालची हत्यारांची पेटी ओढली आणि छिन्नी त्याच्या हातात दिली.

"भिंतीकडून सुरू करा. आडवी धरायची. माझी फुटली तर फुटू दे, वेलीला ओरखडा नको."